शुअर एम ४४-७ ची सुई बदलली: ऑनलाइन "ओरिजिनल", सीलबंद जुना माल आणि जपानची जिको

जळगावात रेकॉर्ड प्लेअरची सुई मागायला गेलं की दुकानदार आधी आपल्याकडे बघतो, मग शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बघतो आणि मग विचारतो, "भो, ते अजून वाजतं का?" वाजतं म्हणून तर आलो ना भाऊ. गोलाणी मार्केटमध्ये मोबाईलचा बारीकातला बारीक स्क्रू मिळेल, पण टर्नटेबलची निडल म्हटलं की सगळे मुंबईकडे बोट दाखवतात, मुंबईवाले म्हणतात ऑनलाइन बघा, आणि ऑनलाइन बघावं तर "ओरिजिनल", "जेन्युइन", "१०० टक्के ऑथेंटिक" लिहिलेल्या सुयांची नुसती जत्रा. मी एकाच कार्ट्रिजसाठी (प्लेअरच्या आर्मच्या, म्हणजे हलत्या दांड्याच्या, टोकाला असते ती, जिच्यात सुई बसते) तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या सुया घेतल्या, तिन्ही वाजवल्या, आणि आता लिहितोय, कारण आपल्या भागात हा उद्योग करणारे अजून आहेत, भुसावळला तर जुन्या रेल्वेवाल्यांच्या घरात कपाटावर झाकून ठेवलेले डेक कितीतरी निघतील. लांबलचक झालंय, चहा घेऊन बसा.

आधी माझ्याकडे काय आहे ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मामा कुवेतला होते, त्यांनी येताना टेक्निक्सचा एसएल-१२०० एमके २ टर्नटेबल आणला, आणि त्यावर तेव्हापासून शुअर एम ४४-७ कार्ट्रिज. ही कार्ट्रिज म्हणजे डीजे लोकांची लाडकी. आवाज दणकट, आउटपुट ९.५ मिलिव्होल्ट, म्हणजे साधारण मॅग्नेटिक कार्ट्रिजच्या दुप्पट, त्यामुळे जुन्या अँपलाही व्हॉल्यूम फार वर न्यावा लागत नाही. वजन, म्हणजे सुई रेकॉर्डवर जेवढी दाबून बसते ते, १.५ ते ३ ग्रॅमपर्यंत चालतं. टोक साधं गोल, ज्याला कॉनिकल म्हणतात, ०.७ मिलचं, म्हणजे मिलिमीटरमध्ये ०.०१८ च्या आसपास. बारीक नक्षीकाम ऐकवणारी ही कार्ट्रिज नाहीच, पण जुन्या, घासलेल्या, लग्नाच्या मांडवातून फिरून आलेल्या रेकॉर्डवर हिच्यासारखी भरवशाची दुसरी मला तरी सापडली नाही.

आता कार्ट्रिजची बॉडी सहसा खराब होत नाही. आत कॉइल आणि धातूचे तुकडे, कुठे तार तुटली नाही तर पन्नास वर्षंही काढते. झिजतो तो पुढचा प्लास्टिकच्या पकडीतला भाग. त्यात चार गोष्टी असतात: टोकाला हिरा, त्याला धरून बारीक ॲल्युमिनियमची नळी (कँटिलिव्हर), नळीच्या मागच्या टोकाला एवढासा मॅग्नेट, आणि हे सगळं ज्यात अडकवलंय ते रबर. लोक हिऱ्याचंच बोलतात, किती तास झाले, झिजला का, आणि रबराचं कोणी नावच काढत नाही. माझा सगळा अनुभव त्या रबरावरच येऊन थांबतो, पुढे येईलच.

मूळ अडचण अशी की शुअरने २०१८ मध्ये रेकॉर्डच्या कार्ट्रिज आणि सुया बनवणं बंदच केलं. कंपनी चालू आहे, माईक वगैरे जोरात विकतात, पण सुई नाही. म्हणजे आज कोणी तुम्हाला "शुअर ओरिजिनल एन ४४-७, ब्रँड न्यू" (कार्ट्रिज एम ४४-७, तिची सुई एन ४४-७) विकत असेल तर एक तर तो जुना पडून राहिलेला माल आहे, नाहीतर दुसऱ्याने बनवून त्यावर शुअरचं नाव मारलंय. तिसरी शक्यताच नाही. एवढी एक गोष्ट डोक्यात ठेवली तरी निम्मे पैसे वाचतात.

पहिली घेतली ती ऑनलाइन. विक्रेत्याचं नाव देत नाही, तसंही ही मंडळी दर काही महिन्यांनी नाव बदलून येतात. फोटो एकदम झकास, पकडीवर शुअरचं नाव, किंमत अशी की स्वस्त म्हणून शंका यावी एवढी कमी नाही आणि महाग म्हणून सोडून द्यावं एवढी जास्त नाही. हाच त्यांचा हिशोब असतो बहुतेक. पाकीट आलं त्यात ना छापील कागद, ना वजन किती ठेवायचं ते लिहिलेलं, नुसती बबल रॅपमध्ये सुई. पकडीवरचं नाव नखाने जरा घासलं तर शुअरचं काही राहिलं नाही. मी फोनवर विचारलं की टोक कॉनिकल आहे का इलिप्टिकल, म्हणजे लंबगोल, तर पलीकडून "सर हाय क्वालिटी डायमंड आहे". ते ठीक आहे हो, आकार कोणता? "सर ओरिजिनल आहे." बरं.

आपण सुवर्णनगरीत राहतो, मग हिरा बघायला दुसरीकडे कशाला जायचं. सराफ बाजारात ओळखीचे एक काका आहेत, त्यांच्याकडे सुई घेऊन गेलो. त्यांनी दहापटीचं भिंग डोळ्याला लावलं, सुई दिव्यासमोर धरली, बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "हिरा कुठंय? मला तर नुसती दांडी दिसते." म्हटलं काका, दांडीच्या टोकाला बघा. अजून थोडं तिरपं केलं. "हां. कण आहे. पण हे बसवलंय कोणी? कोंदण वाकडंय." मी बघितलं तर खरंच, ती बारीक दांडी नळीतून सरळ खाली यायच्या ऐवजी एका बाजूला कललेली, आणि नळीच्या बाजूने गोंद ओघळून आलेला, तो पण एकाच अंगाला. काकांनी तर तिथल्या तिथे निकाल दिला, "असं काम आमच्या पोराने केलं असतं तर दुकानातून काढला असता." मग त्यांनी माझी मूळ जुनी सुई मागून घेतली आणि तीही बघितली. ती झिजलेली होती, पण टोक सरळ, गोंद दिसतही नव्हता.

इथे एक सांगतो, कारण यावरून लोक उगाच घाबरतात. दांडीवर हिऱ्याचा कण चिकटवलेला असणं ही काही फसवणूक नाही. त्याला बाँडेड म्हणतात आणि कित्येक चांगल्या कंपन्यांच्या सुया तशाच असतात. अख्खा हिऱ्याचा तुकडा थेट नळीत बसवला तर त्याला न्यूड म्हणतात, ती महाग, वजनाला हलकी आणि वरच्या मॉडेलला. त्यामुळे बाँडेड का न्यूड यापेक्षा बसवलाय सरळ का वाकडा हे बघायचं, आणि ते दहापटीच्या भिंगातून दिसतं. झीज मात्र त्यातून कळत नाही, त्याला चांगला मायक्रोस्कोप लागतो.

वाजवून पण बघितलीच. माझी परीक्षा सोपी आहे, अभंगाची एलपी लावायची आणि टाळ ऐकायचे. टाळाचा आवाज म्हणजे सुईची खरी कसोटी, चांगली सुई असली तर टाळ किणकिणतो आणि मग विरत जातो, खराब असली तर नुसतं चिरचिर, आणि विरणं वगैरे काही नाही, कापल्यासारखा संपतो. दुसरी परीक्षा म्हणजे बाजूचं शेवटचं गाणं. रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला अर्धा मीटर खाच सरकते, आत लेबलपाशी येईपर्यंत तेच २० सेंटीमीटरच्या जरा वर येतं, म्हणजे तेवढंच गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं, आणि म्हणून सुईचा सगळा खोटेपणा शेवटच्या गाण्यात उघडा पडतो. या सुईवर पहिलं गाणं बरं वाजलं, एखाद्याला फरक कळला पण नसता. शेवटच्या गाण्यात प्रत्येक "स" आणि "श" फुटत होता, आणि एका स्पीकरमध्ये जास्त, दुसऱ्यात कमी, जे हिरा वाकडा असला की होणारच. तीन ग्रॅमपर्यंत वजन वाढवून बघितलं, फुटणं कमी झालं, गेलं नाही. सुई काढून ठेवली. वाकड्या टोकाने रेकॉर्ड घासायची म्हणजे सुईचे हजार रुपये वाचवून एलपीचा जीव घ्यायचा. परत घ्या म्हटलं तर विक्रेत्याने "पाकीट उघडलं आहे" म्हणून हात वर केले. पाकीट न उघडता सुई कशी तपासायची हे त्याने सांगितलं नाही.

दुसरी सुई मुंबईहून आली. एका जुन्या दुकानात, ज्यांचा धंदाच रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअरच्या पार्टचा, सीलबंद शुअर पडून होती. हे खरं ओरिजिनल बरं का, यात शंका नाही. डबी, आतला कागद, छपाई, पकडीवरचं अक्षर, सगळं माझ्या मूळ सुईशी जुळत होतं. दुकानदार पण बोलायला सज्जन, फोनवर सगळं नीट सांगितलं, पैसे घेतले ते मात्र खणखणीत घेतले. जुना न वापरलेला माल म्हणजे लोकांना वाटतं हेच सगळ्यात भारी, आणि मलाही डबी उघडताना आनंदच झाला होता.

पण रबर. रबराला वापरलंय का नाही याच्याशी देणंघेणं नसतं, ते डबीत पडल्या पडल्या पण म्हातारं होतं. काही सुयांचं कडक होतं, काहींचं मऊ पडतं. कडक झालं की नळी हलायची तेवढी हलत नाही, मग ढोलकीचा ठोका लाकडी येतो आणि जोरात गाणं आलं की सुई खाचेत टिकत नाही, खरखरते. मऊ पडलं की नळी वर दबते आणि कार्ट्रिजचं पोट रेकॉर्डला टेकायला लागतं. माझी कडक निघाली. टाळाची परीक्षा बऱ्यापैकी पास, शेवटचं गाणं पण पास, पण तबल्याचा बायाँ गेला कुठे? एम ४४-७ ची सगळी शान त्या खालच्या आवाजात आहे, आणि तोच बसलेला. दोन ग्रॅमला सुई मधूनच सटकत होती, पावणेतीनला नेल्यावर शांत झाली.

यात मी दुकानदाराला दोष देणार नाही, त्याने जे सांगितलं तेच पाठवलं. पण आपल्याकडच्या हवेचा विचार करा. मे महिन्यात जळगाव भुसावळला पारा पंचेचाळीसच्या वर जातो, पत्र्याखालच्या गोडाऊनमध्ये किती होत असेल. कुठल्या शहरात, कुठल्या माळ्यावर ती डबी किती उन्हाळे पडून होती हे कोणालाच सांगता येत नाही, आणि सील बघून तर अजिबात कळत नाही. त्यामुळे सीलबंद जुना माल संग्रहाला ठेवायचा असेल तर जरूर घ्या, वाजवायला घ्यायचा असेल तर एकच अट घाला, की दुकानदाराने एकदा लावून दाखवली पाहिजे. आणि लावल्यावर बाजूने वाकून बघायचं, सुई रेकॉर्डवर टेकल्यावर नळी हलकीशी दबते का, कार्ट्रिज आणि रेकॉर्डमध्ये फट सारखी राहते का. एवढं बघायला कोणतंही यंत्र लागत नाही.

मध्येच धुळ्याचा किस्सा सांगून टाकतो. आग्रा रोडला एका खूप जुन्या दुकानात विचारलं, तर आजोबांनी आतून एक पत्र्याची डबी आणली, वर कुत्रा आणि भोंग्याचं चित्र, आत स्टीलच्या सुया भरलेल्या. "घ्या, पाहिजे तेवढ्या घ्या, कोणी विचारत नाही." त्या चावीच्या ग्रामोफोनच्या सुया हो, ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या) तव्यांसाठी, आणि त्या तर एक बाजू वाजली की फेकायच्या असतात, कारण तवाच सुईला घासून खाचेच्या आकाराची करून घेतो. आजोबांना समजावलं, ते म्हणाले सुई ती सुई. डबी मी घेतली, ज्यांच्याकडे चावीचा ग्रामोफोन आहे त्यांनी सांगा, पण एलपीवर ही ठेवायचं मनात सुद्धा आणू नका, अख्खी खाच नांगरून निघेल.

तिसरी जिकोची. जपानच्या ह्योगो प्रांतातली कंपनी, १८७३ पासून सुयांच्याच धंद्यात, आधी शिवणकामाच्या सुया आणि नंतर रेकॉर्डच्या. ते शेकडो जुन्या कार्ट्रिजच्या सुया आजही नव्याने बनवतात, आणि मला त्यांची आवडलेली गोष्ट ही की ते शुअर असल्याचं सोंग आणत नाहीत. डबीवर जिको, मॉडेलच्या जागी "एन ४४-७ साठी". जुन्या मॉडेलच्या बऱ्याच सुयांना ते साध्या टोकासोबत वरचे प्रकार पण देतात, त्यातला त्यांचा एसएएस नावाचा टोकाचा प्रकार नाणावलेला आहे, पण त्याचे पैसे ऐकून मी गप बसलो. शुअर बंद झाल्यावर तर त्यांनी ४४ च्या धर्तीवर जे ४४ म्हणून अख्खी कार्ट्रिजच काढली.

मागवायला थेट जपानहून मागवली. इथे तक्रार करायची तर करता येईल: सुईची किंमत, वर कुरिअर, वर कस्टम ड्युटी, ती पोस्टमनने दारात मागितली तेव्हा घरात सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. एकूण बेरीज मुंबईच्या सीलबंद डबीच्या पुढे गेली. बायको म्हणाली एवढ्यात नवीन मिक्सर आला असता. आला असता, पण त्यावर भीमसेनजी लागले नसते. आणि वाट बघायची तयारी ठेवा, मुंबईत पार्सल कस्टममध्ये अडकलं की ट्रॅकिंगवर रोज तीच ओळ दिसते.

पाकीट उघडल्यावर मात्र बरं वाटलं. छोटी कडक डबी, आत सुई हलणार नाही अशी खाच, सोबत कागद. पकड शुअरच्या मूळ पकडीपेक्षा किंचित वेगळ्या पांढऱ्या रंगाची, कडा स्वच्छ. कार्ट्रिजमध्ये बसवताना जुनी सुई पुढच्या दिशेने सरळ ओढायची, खाली ओढायची नाही, आणि नवीन तशीच सरळ आत सरकवायची, शेवटी हलकंसं टक्क जाणवतं. ढिली बसली तर समजा पकडीचं माप चुकलंय. ऑनलाइनवाली थोडी डुलत होती, ही घट्ट. अजून एक, सुईच्या मागे मॅग्नेट असतो, त्यामुळे रिपेअरवाल्याच्या टेबलावर, जिथे लोखंडाचा कीस पडलेला असतो, तिथे सुई उघडी ठेवू नका, तो कीस असा चिकटतो की काढता काढता नळी वाकायची.

सराफ काकांकडे परत गेलो, त्यांना आता यात रसच आला होता. भिंगातून बघून एवढंच म्हणाले, "हं, हा माणूस कामाचा." टोक दोन्ही बाजूंनी सरळ, गोंद नावाला. त्यांचाच काटा वापरून वजन पण तपासलं. सराफाचा काटा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो, आर्मवरच्या आकड्यांच्या चकतीपेक्षा कितीतरी भरवशाचा, फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या. एक तर काट्याची ताटली स्टीलची असली तर मॅग्नेट ओढला जातो आणि आकडा खोटा येतो, म्हणून मध्ये प्लास्टिकचा जाड तुकडा ठेवून सुई लोखंडापासून लांब ठेवायची. दुसरं, सुई टेकते ती उंची रेकॉर्डच्या उंचीइतकीच पाहिजे, उंच काट्यावर ठेवली तर वजन वेगळंच दाखवतं. डेक काही सराफ बाजारात नेला नाही, काकांनी काटा घरी आणला, वर भरीत भाकरी खाऊन गेले. माझ्या आर्मवर दोनचा आकडा लावला की खरं वजन त्याच्या जवळपासच निघालं, म्हणजे टेक्निक्सवाले खोटं बोलत नाहीत.

टेक्निक्स १२०० वाल्यांसाठी अजून एक माप लिहून ठेवतो: हेडशेल (कार्ट्रिज ज्यावर स्क्रूने बसते तो भाग) जिथे आर्मला लागतं तिथल्या रबरी वॉशरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर. नुसती सुई बदलली तर कार्ट्रिज हलवायची गरज नसते असं म्हणतात, आणि एकाच कंपनीची असली तर खरंच नसते, पण दुसऱ्या कंपनीच्या सुईचं टोक केसभर पुढेमागे असू शकतं, म्हणून पट्टीने एकदा बघा. जिकोचं बरोबर होतं. ऑनलाइनवालीचं मोजायची इच्छाच झाली नाही.

आवाज. पहिले काही दिवस जरा आखडल्यासारखा वाटला, मग मोकळा झाला. दोन ग्रॅमवर टाळ किणकिणतात आणि विरतात. शेवटच्या गाण्यातला "स" स्वच्छ, पूर्ण गुळगुळीत नाही, कॉनिकल टोकाकडून तेवढी अपेक्षा पण नाही. बायाँ परत आला. माझ्या आठवणीतल्या मूळ शुअरपेक्षा खालचा आवाज किंचित आवरलेला आणि वरचा जरा उजळ आहे असं वाटतं, एचएमव्हीच्या दमदममध्ये छापलेल्या जुन्या एलपींवर त्याने घासल्याची सुरसुर जरा जास्त ऐकू येते, आणि ज्यांना ४४-७ चा तो गुबगुबीत ठोकाच हवा आहे त्यांना हे खटकेल. मला नाही खटकलं. सोनोडाइनचा जुना अँप आहे, त्यावर ट्रेबल एक काटा खाली केला की झालं. मामांना फोनवर ऐकवलं तर म्हणाले आवाज येतोय, बास. मामांची परीक्षा एवढीच.

किती टिकेल हे आत्ताच कसं सांगणार. हिऱ्याच्या सुईला साधारण ५०० ते १,००० तास धरतात, तेही वजन बरोबर असेल आणि रेकॉर्ड स्वच्छ असेल तर. एलपीच्या एका बाजूला खाचेची लांबी चारशे मीटरच्या वर जाते, म्हणजे दोन्ही बाजू ऐकल्या की सुई जवळपास एक किलोमीटर चालून आली, आणि ते सुद्धा आपल्याकडच्या धुळीतून. एप्रिल-मेमध्ये दुपारी खिडक्या उघड्या ठेवून रेकॉर्ड लावणाऱ्यांनी तासांचा हिशोब निम्मा धरावा. ब्रशने सुई साफ करताना मागून पुढे, आडवा ब्रश कधी मारायचा नाही.

स्टार द्यायचे तर जिकोला पाचपैकी चार, एक कापला तो एकूण खर्चाचा. मुंबईच्या दुकानाच्या माणुसकीला पाच, सुईला अडीच. ऑनलाइनवाल्याला एक पण द्यायला जीवावर येतंय, पण शून्य देता येत नाही.

विकत घेताना मी आता काय विचारतो ते सांगतो. बनवली कोणी, टोकाचा आकार कोणता आणि वजन किती ग्रॅम. ज्याला हे तिन्ही सांगता येतं त्याच्याकडून घ्यायला हरकत नाही, मग पाकिटावर कोणाचंही नाव असो. फक्त "शुअरला बसते" एवढंच म्हणणाऱ्याला कुठल्या शुअरला ते विचारा, कारण एम ४४ ची सुई एम ५५ ला बसते पण एम ७५ ची पकडच वेगळी, आणि एम ९१ ची अजून वेगळी. स्वतःच्या नावाने साधी कंपॅटिबल सुई विकणारे यात वाईट नाहीत हे पण सांगतो, स्वस्त असते, तेवढीच वाजते, रोजच्या घासलेल्या रेकॉर्डला ठेवायला बरी. दुसऱ्याचं नाव छापून विकणारे वाईट.

ज्यांच्या कार्ट्रिजची कंपनी अजून सुया बनवते त्यांनी तर हा सगळा द्राविडी प्राणायाम करूच नये. ऑर्टोफोन कंपनीची ओएम कार्ट्रिज असेल तर त्याच बॉडीवर ५, १०, २०, ३०, ४० नंबरच्या सुया बसतात, खिसा बघून वर चढता येतं. टेक्निक्सच्या काही डेकना स्क्रूशिवाय नुसती खोचायची प्लग-इन कार्ट्रिज असते, तिथे वजन ठरलेलंच, १.२५ ग्रॅम, फक्त त्याच प्रकारची सुई बघायची. एचएमव्ही फिएस्टासारखे पेटी-प्लेअर वेगळी गोष्ट, त्यात सिरॅमिक कार्ट्रिज, आर्म जड, आणि कित्येकदा एकाच खुंटीला फिरवून एका बाजूला एलपीची आणि दुसऱ्या बाजूला ७८ ची सुई. अमळनेरच्या मावशींकडे असाच आहे, त्यांनी कित्येक वर्षं एलपीवर ७८ चीच बाजू फिरवून ठेवली होती, ७८ चं टोक चौपट जाड, ते खाचेत उतरतच नाही, वरवर तरंगतं, आणि त्या म्हणायच्या रेकॉर्ड खराब झाल्या. खुंटी फिरवली, मावशी खूश. अशा प्लेअरला जपानहून काही मागवू नका, त्यातली सुई बऱ्याचदा हिऱ्याची नसून नीलमची असते, ती लवकर झिजते, पण स्वस्तात मिळते, एकदम दोन घेऊन ठेवा.

चोपड्याचे एक काका विचारत होते की त्यांच्या नवीन बेल्ट ड्राइव्ह प्लेअरवर एटी ३६०० एल कार्ट्रिज आहे आणि दुकानदार "इंपोर्टेड ओरिजिनल" म्हणून भलतीच किंमत सांगतोय. काका, ती ऑडिओ-टेक्निकाची आहे, कंपनी अजून बनवते, एटीएन ३६०० एल या नावाने मागा, वजन २.५ ते ३.५ ग्रॅम, मी असतो तर ३ वर ठेवली असती. त्या दुकानदाराला म्हणावं डबी आधी दाखव.